फँटसी कादंबऱ्यांमधली जिवापाड सोबत: मैत्री की प्रेम?

टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतल्या फ्रोडो आणि सॅम यांचे उदाहरण देऊन तुम्ही विचारले आहे की, फँटसी कादंबऱ्यांमध्ये एकमेकांवरून जीव ओवाळून टाकणारे जे सोबती भेटतात, त्यांचे नाते मैत्रीचे मानायचे की प्रेमाचे. वाचकांमध्ये यावरून सरळ दोन तट पडलेले दिसतात आणि दोन्हीकडचे लोक त्याच प्रसंगांचे दाखले देतात, हेही तुम्ही लिहिले आहे. माझे मत आधीच सांगते. या नात्यांचा निवाडा प्रवासातल्या प्रसंगांवरून करता येत नाही. प्रवास संपल्यावर ते सोबती काय करतात, ते पाहावे लागते. आणि तसे पाहिले, तर सगळ्या जोड्यांना मिळून एकच उत्तर लागू पडत नाही.

प्रवासातले प्रसंग पुरावा म्हणून का चालत नाहीत, ते समजून घ्यायला हवे. या प्रकारच्या बहुतेक कथा एखाद्या मोहिमेवर उभ्या असतात, आणि मोहीम म्हटली की भूक, थंडी, अंधार, पाठलाग आणि मरणाची भीती आलीच. अशा वेळी मित्र जे करील तेच प्रियकर करील, भाऊही तेच करील आणि एकाच तुकडीतला सैनिकही तेच करील. फ्रोडोला एक दुष्ट अंगठी नष्ट करण्यासाठी शत्रूच्या मॉर्डॉर प्रदेशात न्यायची असते. तो एकटाच होडी घेऊन निघाला हे दिसताच सॅम स्वतःला पोहता येत नसतानाही नदीत शिरतो. मॉर्डॉरच्या वैराण प्रदेशात उरलेले पाणी आधी फ्रोडोच्या तोंडी लागेल हे पाहतो. आणि शेवटच्या चढावर फ्रोडोचे पाय चालेनासे झाले, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन रांगत डोंगर चढतो. हे प्रसंग वाचताना माझा आजही कंठ दाटून येतो, पण त्यांतला एकही प्रसंग तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण संकट सगळ्याच नात्यांकडून एकसारखी कामे करवून घेते.

हा वाद किती जुना आहे ते पाहिले, म्हणजे ही अडचण अधिक स्पष्ट होते. ग्रीक महाकवी होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयच्या युद्धात पॅट्रोक्लस मारला जातो तेव्हा त्याचा जिवलग सोबती, महावीर अकिलीस, दुःखाने डोक्यावर राख ओतून घेतो, जमिनीवर लोळून आक्रोश करतो आणि पुढे आपले मरण ठरलेले आहे हे ठाऊक असूनही त्याचा सूड घ्यायला उठतो. परंतु त्या दोघांचे नाते नेमके कोणते, हे होमर सांगत नाही. ग्रीकांनाच ते सांगता आले नाही. एस्किलसने आपल्या नाटकात त्यांना प्रेमिक म्हणून दाखवले, प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मधला एक वक्ता ते प्रेमिक होते हे गृहीतच धरून त्या दोघांपैकी कोण कोणाचा प्रेमी होता यावर वाद घालतो, तर झेनोफोनच्या त्याच नावाच्या ग्रंथात सॉक्रेटिस म्हणतो की होमरला अभिप्रेत होते ते सोबती, प्रेमिक नव्हेत. सुमारे २४०० वर्षे हा प्रश्न सुटलेला नाही आणि तो सुटणारही नाही, असे मला वाटते, कारण त्या कथेला 'नंतर' नाही. एक युद्धात पडतो, दुसऱ्याचेही मरण ट्रॉयसमोरच ठरलेले असते. युद्ध संपले असते तर दोघांनी आपापली घरे थाटली असती, की एकाच घरात दिवस काढले असते, हे आपल्याला कधीच कळत नाही.

फँटसी कादंबऱ्यांचे वेगळेपण इथे आहे. त्यांतल्या अनेकांना 'नंतर' असते, आणि चांगले लेखक तो भाग मन लावून लिहितात.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, पण सॅमची मुळे त्याच्या चार दशके मागे जातात. टॉल्किन १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत लँकेशायर फ्युझिलिअर्स या पलटणीचे सिग्नल अधिकारी होते. शाळेपासूनच्या त्यांच्या चार जिवलगांच्या गटातले दोघे त्याच वर्षी मृत्यू पावले. सॅम हे त्या महायुद्धात आपण पाहिलेल्या साध्या सैनिकांचे आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणाऱ्या शिपायांचे प्रतिबिंब आहे, असे त्यांनी स्वतः म्हटले होते. हा दिमतीचा शिपाई अधिकाऱ्याचे सामान सांभाळी, जेवणाखाणाचे पाही आणि गोळीबारात त्याच्या शेजारी असे. वर्गाची भिंत मधे कायम असूनही दोन माणसे एकमेकांच्या इतकी निकट यावीत, अशी दुसरी जागा त्या काळच्या इंग्लंडमध्ये क्वचितच असेल. सॅम हा फ्रोडोच्या माळ्याचा मुलगा आहे आणि स्वतःही माळी आहे, हे विसरून चालणार नाही. सगळ्या यातना एकत्र भोगून झाल्यावर, फ्रोडो कायमचा निघालेला असताना होणाऱ्या बोलण्यातही सॅम त्याला मालक म्हणूनच हाक मारतो.

एक प्रसंग जरा जवळून पाहू. मॉर्डॉरच्या सीमेवरच्या किरिथ उंगोलच्या जिन्यावर दोघे थकून झोपी गेले आहेत. फ्रोडोचे डोके सॅमच्या मांडीवर आहे, सॅमचा एक हात त्याच्या कपाळावर आणि दुसरा छातीवर आहे. पूर्वी ती अंगठी बाळगणारा, तिच्या हव्यासाने पछाडलेला आणि आता त्यांचा वाटाड्या झालेला गॉलम विश्वासघाताची जुळवाजुळव करून परत येतो, त्या दोघांकडे बघत राहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा हावरटपणा क्षणभर मावळतो. थरथरता हात पुढे करून तो फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हलकेच स्पर्श करतो. फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम जागा होतो, मालकाच्या अंगाला हात लावणारा गॉलम त्याला दिसतो आणि तो त्याच्यावर खेकसतो. झाले, तो क्षण गेला. हातांची ती ठेवण पाहून अनेक वाचक इथे प्रेम वाचतात, आणि मला त्यात वावगे काही वाटत नाही. पण माझे लक्ष सॅमच्या खेकसण्याकडे अधिक जाते. एकाच माणसावर सारा जीव लावलेल्या निष्ठेला दुसऱ्याचे दुःख दिसत नाही, आणि ती उणीव लेखकाने झाकलेली नाही. अशी पहारेकऱ्याची निष्ठा मैत्रीत सहसा आढळत नाही. मित्र एकमेकांच्या बरोबरीने चालतात. सॅम फ्रोडोच्या भोवती कुंपणासारखा उभा असतो.

मग प्रवास संपल्यावर काय होते? सॅम रोझीशी लग्न करतो आणि फ्रोडोच्याच आग्रहाने नवराबायको त्याच्या घरी राहायला येतात. फ्रोडोच्या जखमा भरत नाहीत. तो समुद्रापार, जिथून कोणी परत येत नाही अशा भूमीकडे, जायचे ठरवतो आणि निघताना सॅमला सांगतो की, तुला असे कायम दोन तुकड्यांत जगता येणार नाही, तुला पुष्कळ वर्षे एकसंध होऊन राहायचे आहे. म्हणजे सॅमच्या जिवाचे दोन तुकडे झाले आहेत, ही गोष्ट कादंबरी उघडपणे मान्य करते. सॅम घरी परततो. त्याला तेरा मुले होतात, तो सात वेळा महापौर होतो. आणि मग परिशिष्टातल्या सनावळीत, जिथे पुष्कळ वाचक पोहोचतच नाहीत, एक नोंद येते: रोझी वारते त्याच वर्षी सॅम घर सोडतो, आणि अंगठी वाहिलेल्यांपैकी शेवटचा म्हणून तोही समुद्रापार गेला, असे त्याच्या थोरल्या मुलीकडून सांगत आले आहे. मधे एकसष्ट वर्षे गेलेली असतात.

ही एकसष्ट वर्षे हाच मला या प्रश्नातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. सॅमचा संसार ही तडजोड नव्हती. तो पूर्ण मनाने केलेला आणि भरभरून जगलेला संसार होता. त्याचबरोबर फ्रोडोची जागा त्या संसाराने भरून निघाली नाही, हेही तितकेच खरे. रोझी आणि फ्रोडो यांच्यापैकी एकाची निवड करण्याची वेळ सॅमवर येत नाही, कारण ती दोघे त्याच्या मनातल्या एकाच जागेवर हक्क सांगत नाहीत. म्हणून मी या नात्याला प्रेम म्हणते, पण जोडप्याचे प्रेम म्हणत नाही. आणि मैत्री म्हणायलाही कचरते, कारण मैत्रीला लागणारी बरोबरी इथे सुरुवातीला नसते आणि शेवटीही पुरती येत नाही. आपल्याकडे नवविधा भक्तीच्या क्रमात दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन या शेवटच्या तीन पायऱ्या लागोपाठ येतात. सॅमचा प्रवास मला त्या तीन पायऱ्यांवरून झालेला दिसतो, आणि 'मैत्री की प्रेम' या दुहेरी प्रश्नापेक्षा ही मांडणी त्याला अधिक न्याय देते.

याच्या उलट, निखळ मैत्री पाहायची असेल तर अर्सुला ले ग्विन यांची १९६८ ची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचावी. त्या जगात ज्याला तुमचे खरे नाव ठाऊक असते, त्याच्या हाती तुमचा जीव असतो, म्हणून ते कोणी सहसा उघड करत नाही. आपल्याच गर्वापायी एक भयंकर छाया जगात मोकळी सोडून तरुण जादूगार गेड स्वतःच्या नजरेतून उतरलेला असताना, त्याचा मित्र व्हेच निरोप घ्यायला येतो आणि न मागता आपले खरे नाव त्याला देऊन टाकतो. पुढे छायेच्या पाठलागात तो गेडच्या होडीत बसून नकाशाबाहेरच्या समुद्रातही जातो. काम होते, दोघे व्हेचच्या बेटावर परततात, आणि पुढच्या पुस्तकांत गेड आपल्या वाटेने जातो. ताटातुटीचा शोक नाही आणि कोणाचे दोन तुकडेही होत नाहीत. या नात्यात काही कमी होते, असे मला कधीच वाटले नाही. मैत्री ही प्रेमाच्या अलीकडची, अपुरी राहिलेली पायरी आहे, असे मानणाऱ्यांनी नाव देण्याचा तो छोटासा प्रसंग आवर्जून वाचावा.

हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकातही एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. तिथे जादूगारांच्या एका स्पर्धेत, ज्याच्यावाचून सर्वांत जास्त चुटपुट लागेल, असे एकेक माणूस प्रत्येक स्पर्धकासाठी तळ्याच्या तळाशी नेऊन ठेवलेले असते. एकाची नृत्यातली जोडीदार चो, दुसऱ्याची तशीच हर्मायनी, तिसरीची धाकटी बहीण, आणि हॅरीसाठी त्याचा मित्र रॉन. ही चौघे शेजारी शेजारी बांधलेली असतात. कोणाचे मोल कमी आणि कोणाचे जास्त, असा भेद तिथे केलेला नाही.

आता दुसऱ्या बाजूची जोडी. रॉबिन हॉब यांच्या, राजघराण्यातला अनौरस मुलगा फिट्झ आणि दरबारी विदूषक यांच्या कथामालेत तुमचा प्रश्न पात्रांच्याच तोंडी आला आहे. २००२ च्या 'गोल्डन फूल'मध्ये विदूषकाचे आपल्यावर प्रेम आहे, असे दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकून फिट्झ चिडतो आणि खुलासा मागतो. विदूषकाचे म्हणणे असे की, त्याने आपल्या प्रेमाला कधी सीमा घातलेली नाही. फिट्झला मात्र सीमा हवी असते आणि ती तो फार कठोर शब्दांत आखतो. त्यामुळे दोघांत जी दरी पडते ती भरायला पुष्कळ काळ जातो. वेगळे होऊनही हे दोघे एकमेकांपासून सुटत नाहीत. इथे मी बेधडक प्रेम म्हणते. एकाला त्याचे नाव घेण्याची भीती वाटते, एवढ्याने ते मैत्रीत बदलत नाही.

पण लेखकाने उघड लिहिले नाही म्हणून प्रेम नव्हते, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. त्या काळातल्या पुस्तकाचे मौन हा कोणत्याच बाजूचा पुरावा होऊ शकत नाही, आणि ज्या वाचकांना आपल्यासारखी माणसे पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या सापडली नाहीत, त्यांना ओळींच्या मधले वाचण्याची सवय लागली असेल तर तिची हेटाळणी करू नये. टॉल्किन यांच्या मनात सॅमविषयी तसे काही असावे, असे मला वाटत नाही. पण तो माझा अंदाज आहे, कादंबरीवरचे कुंपण नव्हे.

माझी कसोटी जिथे अडखळते ती जोडी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येच आहे. एल्फ लेगोलास आणि खुजा गिमली हे पिढीजात वैर असलेल्या कुळांतले आहेत. युद्ध संपल्यावर ठरल्याप्रमाणे ते एकत्र भटकतात, एकाची आवडती गुहा आणि दुसऱ्याचे आवडते अरण्य पाहतात, आणि शेवटी लेगोलास समुद्रापार निघतो तेव्हा, आजवर एकाही खुज्याला जिथे प्रवेश मिळाला नव्हता तिथे गिमलीला बरोबर नेतो. परिशिष्टात टॉल्किन याचे कारण त्यांची थोर मैत्री असे देतात, एल्फांच्या राणीचे, गॅलॅड्रिएलचे, सौंदर्य पुन्हा पाहण्याची गिमलीची ओढही त्याला जोडतात, आणि याविषयी अधिक काही सांगता येणार नाही म्हणून थांबतात. दोघांपैकी कोणीही संसार थाटल्याचा उल्लेख नाही, आणि अखेरपर्यंत त्यांची सोबत सुटलेली नाही. मी त्यांना मित्र मानते, कारण मजकूर तसे स्पष्ट म्हणतो. पण इथे कोणी प्रेम वाचले, तर त्याला खोडून काढण्याजोगे त्या पानांवर मला काही सापडत नाही.