सायकल मार्गासाठी रोलरने दाबलेले काँक्रीट चालेल का?

प्रश्न : आमच्या भागातून जाणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या कडेने सायकल मार्ग व्हावा, अशी आम्हा रहिवाशांची मागणी आहे. पेव्हर ब्लॉक काही वर्षांतच उचकटतात, म्हणून रोलरने दाबलेले कोरडे काँक्रीट वापरावे, असे एकाने सुचवले. ते टिकेल का, आणि सायकल चालवताना खडबडीत लागणार नाही ना?
— एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : सूचना चांगली आहे, आणि कालव्याच्या काठासारख्या सलग पट्ट्यासाठी मी तिची शिफारसच करीन. या काँक्रीटमध्ये सिमेंट, खडी व वाळू नेहमीचीच असते. पाणी मात्र इतके कमी असते की मिश्रण वाहत नाही, मुठीत दाबले तर लाडवासारखे वळते. डांबरी रस्त्यासाठी असते तशा पेव्हर यंत्राने ते पसरून व्हायब्रेटरी रोलरने दाबतात, आणि त्यात सळई घालत नाहीत. आपल्या राज्यातील घाटघर प्रकल्पाची धरणे याच पद्धतीने बांधलेली आहेत. कॅनडात १९७० च्या दशकापासून अवजड यंत्रे फिरणारी ओंडक्यांची आवारेही अशी केली गेली.

टिकण्याचा खरा प्रश्न खालच्या जमिनीचा आहे. काठावर काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचे काँक्रीट कितीही उत्तम असले तरी त्याला तडे जातात. म्हणून ती काढून मुरूम थराथराने दाबून भरावा लागेल. शिवाय गाळ काढण्यासाठी पोकलेन आणि डंपर याच काठावरून येणार असतील, तर केवळ सायकलींना पुरेल अशी १०० मिलिमीटर जाडी उपयोगाची नाही. निदान १५० मिलिमीटर धरावी, आणि कोणती वाहने येतात हे पाटबंधारे खात्याकडून आधी जाणून घेऊन गरजेप्रमाणे ती वाढवावी.

खडबडीतपणाची शंका रास्त आहे. कोरड्या मिश्रणात सिमेंटचा लगदा वर येत नाही, त्यामुळे खडी मोठी असली की पृष्ठभाग भरड राहतो. खडी १२ मिलिमीटरपर्यंतचीच घ्यावी, क्रश सँडमधील (दगड फोडून केलेल्या वाळूतील) बारीक कणांचे प्रमाण नीट साधावे आणि रोलरचा शेवटचा फेरा कंप बंद करून द्यावा. सायकलस्वाराला भरडपणापेक्षा लाटा अधिक त्रास देतात, म्हणून ३ मीटरची सरळपट्टी ठेवून समतलपणा तपासण्याची अट करारात घालून घ्यावी. तडे अनियंत्रित जाऊ नयेत म्हणून दर ३ ते ४ मीटरवर कटरने सांधे कापावे लागतात, पण ते इतके अरुंद असतात की चाकाला जाणवत नाहीत.

रोलरखाली कडेचे मिश्रण बाहेर सरकते आणि कडा कच्च्या राहतात. त्यासाठी कर्ब, म्हणजे कडेचे ठोकळे, आधी बसवावेत. मिश्रण तयार झाल्यापासून साधारण तासाभरात दाबून झाले पाहिजे, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हे काम पहाटेच उरकलेले बरे. मुळातच पाणी कमी असल्याने पृष्ठभाग लवकर सुकतो. ओले गोणपाट किमान ७ दिवस अंथरलेले राहील, यावर तुम्ही रहिवाशांनी स्वतः लक्ष ठेवावे, कारण हेच काम सर्वांत आधी टाळले जाते.

पेव्हर ब्लॉकचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे : केबलसाठी ते काढून पुन्हा बसवता येतात. काँक्रीट फोडावेच लागते. म्हणून मार्गाला आडव्या जाणाऱ्या वाहिन्यांसाठी रिकामे पाइप आधीच टाकून ठेवावेत, आणि पूर्ण लांबीचे काम सुरू करण्यापूर्वी ठेकेदाराकडून एक लहान नमुना पट्टी करून घेऊन, तिच्यावर स्वतः सायकल चालवून मगच संमती द्यावी.