परदेशात पत्रकारितेत एमए केलं तर तिकडेच नोकरी लागते का? घरचे म्हणतात, बातमीदारी काय परदेशात शिकायची असते!

ब्रिटनपुरतं सांगते, मी तिथेच शिकले. नोकरी लागते, पण बहुतेकांची व्हिसाला पुरत नाही. नोकरीवर तिकडे राहायला लागतो त्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै 2025 पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला 41,700 पाउंड आहे. नवख्यांना सूट धरून 33,400. स्थानिक वर्तमानपत्रातला शिकाऊ बातमीदार त्याच्या जवळपासही जात नाही. शिक्षण संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहता येतं, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षं. हिशेब तुम्हीच मांडा.

मला खरं लिहायचंय ते तुमच्या घरच्यांच्या वाक्यावर. आमच्याकडे ते मामा म्हणतो. मामा सातारा जिल्ह्यात तालुका वार्ताहर आहे आणि प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीत वाढप चालू असताना, चार लोकांसमोर विचारतो, "काय गं, साहेबानं शिकवलं का बातमी कशी लिहायची?"

तर ऐका. मी ज्या गावात शिकत होते तिथे विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांना ओल यायची. माझ्या खोलीत पलंगामागची भिंत काळी पडलेली, आणि घरमालकाचं एकच पालुपद: खिडकी उघडी ठेवत जा. जानेवारीत! आपल्याकडे माहिती अधिकाराचे अर्ज टाकून हात बसलेला होताच. तिकडे 2000 चा कायदा आहे, साध्या ईमेलवर अर्ज होतो, दहा रुपयांचा स्टॅम्पही लागत नाही, आणि उत्तर कामकाजाच्या 20 दिवसांत द्यावं लागतं. नगरपालिकेला विचारलं, ओलीच्या किती तक्रारी आल्या, किती घरांची तपासणी झाली, किती घरमालकांना नोटिसा गेल्या. एक्सेलची फाईल आली. शेवटच्या रकान्यात खाली बघत जावं तर शून्य, शून्य, शून्य.

गावातल्या एका बातम्यांच्या संकेतस्थळाच्या संपादकीणबाईंना बातमी आवडली. म्हणाल्या, छापते, मानधनाचं बिल पाठव. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी करता येते, पण स्वतःचा व्यवसाय करता येत नाही आणि फ्रीलान्स लिखाण व्यवसायातच मोडतं. विद्यापीठातल्या व्हिसाच्या खात्यानं सांगितलं, बिल पाठवू नको. फुकट देऊ का, तर म्हणे आम्ही हो म्हणू शकत नाही, जोखीम तुझी. म्हणजे रात्री बर्गर विकायला हरकत नाही, बातमी विकायची नाही. शेवटी ती बातमी वर्गातल्या एका ब्रिटिश मुलीच्या नावानं लागली. तिनं दोन फोन जास्तीचे केले होते, हे मान्य. माझं नाव खाली बारीक अक्षरातही नव्हतं. मामाला हे कळल्यावर तो आठवडाभर हसत होता.

हसू दे. तिथे मला जे शिकवलं ते त्याला आजही येत नाही. तिकडच्या कोर्टात परवानगीशिवाय आवाज रेकॉर्ड करणं 1981 च्या कायद्यानं अवमान ठरतो, म्हणून पत्रकारांना टीलाइन नावाची लघुलिपी शिकवतात, मिनिटाला 100 शब्दांच्या वेगापर्यंत. आरोपीला अटक झाली की काय छापायचं, काय नाही, यावर आमची अक्षरशः सालं काढली. आणि आमच्या मामानं? अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत तिचं नाव नाही दिलं, पण वाडी दिली, वडिलांचा धंदा दिला, शाळा दिली. दीडशे उंबऱ्यांच्या वाडीत आणखी काय सांगायचं राहिलं? पॉक्सोच्या कलम 23 नं कुटुंबाची आणि शाळेची ओळख देणंही गुन्हा आहे. मी बोलले तर म्हणे, "तुझं पुस्तकी आहे सगळं." चपला झिजवल्यानं बातमी मिळते हे खरं, पण कायदा चपलेतून वर चढत नाही.

तुमच्या घरच्यांनाही हेच ऐकवा.

आता राहिलेलं पटापट. कोर्समध्येच समाविष्ट असलेल्या प्लेसमेंटवर, म्हणजे शिकतानाच्या प्रत्यक्ष कामावर, व्हिसाची आडकाठी नसते, तेव्हा कॉलेज निवडताना रँकिंगआधी ते विचारा, आणि कोर्स एनसीटीजेची, म्हणजे तिकडच्या पत्रकारिता प्रशिक्षण परिषदेची, मान्यता असलेला आहे का तेही. मराठीतच काम करायचं असेल तर जायची गरज नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात. घर गहाण टाकून तर अजिबात जाऊ नका, वर दिलेला पगाराचा आकडा पुन्हा वाचा. अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळ्यांना खुली आहे, मात्र तिला कामाच्या अनुभवाचे 2,800 तास लागतात आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. ते तास एखाद्या तालुका वार्ताहराच्या हाताखालीही भरतात. फक्त अनुभवाचं पत्र आधी लिहून घ्या. आमच्या मामानं मला अजून दिलेलं नाही.