माझ्या ‘जिद्दी’चं गुपित बहिणीला सांगू का?

ताई, माझं वय 41. वजनापायी गुडघे, रक्तदाब, सगळंच मागे लागलं होतं. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. भूक आटोक्यात आली आणि 98 किलोंवरून मी 83 वर आले. हे फक्त नवऱ्याला माहीत आहे. बाकी सगळ्यांना ‘रोज चालते आणि खाणं कमी केलंय’ एवढंच सांगते. माझी धाकटी बहीणही वजनाने हैराण आहे. माझं बघून ती सहा महिने चालतेय, रात्रीचं जेवण सोडलंय, पण दोन किलोही उतरले नाहीत. परवा म्हणाली, “तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाहीच.” मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, इंजेक्शन बंद करावं आणि पुढचं स्वतःच्या बळावर करून दाखवावं. म्हणजे निदान खोटेपणा तरी संपेल. काय करू?

— एक वाचक

ताई म्हणालीस, तेव्हा एकेरीवर येते आणि आधी रागावून घेते. इंजेक्शन बंद करायचं डोक्यातून काढ. खोटं बोललीस ते तोंडाने, त्याची शिक्षा शरीराला कशाला?

तुझ्या औषधाची एक मोठी चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. 1,961 माणसं, 68 आठवडे. काहींना खरं औषध, काहींना नुसतंच औषधाविना इंजेक्शन. आहाराचं आणि व्यायामाचं मार्गदर्शन मात्र दोन्ही गटांना सारखंच होतं. औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, दुसऱ्यांचं 2.4 टक्के. तुझा हिशेब कर, तूही साधारण पंधरा टक्क्यांवरच आहेस. आता बहिणीकडे बघ. ती नकळत त्या दुसऱ्या गटात आहे आणि स्वतःला पहिल्या गटाशी ताडून बघते आहे. तिची जिद्द कमी पडली नाही गं, तिला अर्धीच माहिती मिळाली. आणि ती तुझ्याकडून मिळाली.

त्याच चाचणीतल्या काही जणांवर औषध थांबल्यावरही लक्ष ठेवलं होतं. वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी जवळजवळ दोन तृतीयांश परत आलं. त्यांनी एकाएकी मनोबल गमावलं म्हणून नव्हे. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मेंदूला ‘पुरे’ म्हणतं, पण काही मिनिटांत ते विरघळून जातं. तुझं औषध त्याचीच नक्कल करतं, फक्त आठवडाभर टिकतं. औषध गेलं की तो निरोप जातो आणि भूक परत येते, शिवाय घटलेलं वजन भरून काढायची शरीराची ओढ असतेच. रक्तदाबाची गोळी सोडून ‘आता स्वतःच्या बळावर बघते’ असं तू म्हणशील का? इंजेक्शन पुढे किती काळ घ्यायचं, डोस कमी करायचा का, हे प्रश्न रास्त आहेत, पण ते डॉक्टरांसमोर मांड. तेव्हा हेही विचार की वजनाबरोबर स्नायूही घटतात, तर त्यासाठी कुठला व्यायाम करू आणि प्रथिनं किती घेऊ. नुसतं चालणं त्याला पुरत नाही.

आता खोट्याबद्दल. सगळ्यांना सांगायला हवं, असं मी मुळीच म्हणणार नाही. ऑफिसातल्या बायकांना, लग्नात भेटणाऱ्या नातेवाइकांना तुझं प्रिस्क्रिप्शन कळायची काहीच गरज नाही. ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललंय’ एवढं पुष्कळ झालं, आणि त्यावरही कोणी खोदून विचारलंच तर विषय बदलावा. बहिणीचं तसं नाही. तुझ्या थापेची किंमत ती रोज मोजते आहे, रात्री उपाशी राहून आणि स्वतःला नावं ठेवून. तिचा हक्क आहे.

फोनवर नको, आईसमोर तर नकोच. दोघीच असताना सरळ सांग: “मी दीड वर्ष इंजेक्शन घेतेय. तुला खोटं सांगितलं, कारण मला लाज वाटत होती.” आणि गप्प बस. ‘तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही’ असलं काही जोडू नकोस, तो तिच्यावरच उपकार केल्याचा आव होईल. ती चिडेल. कदाचित इंजेक्शनवर नाही, तर इतके दिवस कौतुक झेलत बसलीस त्यावर. चिडू दे. आठ दिवस बोलली नाही तरी मागे लागू नकोस.

राग उतरला की बहुधा पुढचा प्रश्न येईल: “मला दे ना तुझ्यातलं थोडं.” इथे मात्र नाही म्हणजे नाही. इंजेक्शनचं पेन दुसऱ्याला वापरायला द्यायचंच नसतं, सुई बदलली तरी संसर्गाचा धोका राहतो. शिवाय हे औषध 0.25 मिलिग्रॅमने सुरू करून दर महिन्याला थोडं थोडं वाढवत, चारेक महिन्यांनी 2.4 पर्यंत नेतात. तुझा आजचा डोस तिला पहिल्याच दिवशी गेला तर उलट्यांनी बेजार होईल. चिठ्ठीशिवाय कुठून मागवायचं तर नावच काढू देऊ नकोस.

तिला स्वतःच्या डॉक्टरांकडे पाठव. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 30 च्या पुढे, किंवा 27 च्या पुढे आणि जोडीला रक्तदाबासारखा त्रास असेल, तर साधारणपणे ही औषधं विचारात घेतात. तिला नको असतील किंवा चालत नसतील तर तेही ठीक, ती तुझी गिऱ्हाईक नाही. पुढेमागे तिला मूल हवं असेल तर ते आधीच सांगायला हवं, कारण गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी किमान दोन महिने सेमाग्लुटाइड थांबवावं लागतं. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हेही विचारतील.

आणखी एक प्रश्न येईल, तो तुम्हा दोघींचा आहे: घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला होता का? रक्ताच्या नात्यात असेल तर हे औषध देत नाहीत. तुला सुरुवातीला विचारलंच असेल, पण तू लपूनछपून घेत होतीस, म्हणजे बहुधा अंदाजानेच ‘नाही’ म्हणाली असशील. आता आईला नीट विचारून घे. तिला सगळं सांगायलाच हवं असं नाही. ‘डॉक्टरांना घरातल्या आजारांची माहिती हवी आहे’ एवढं म्हटलं तरी चालेल, आणि या वेळी ते खरंही असेल.