‘नको’ला दुसरा शब्द

ताई, मी ३६ वर्षांचा, तो ४१चा. चार वर्षं कांजूरमार्गला भाड्याच्या घरात एकत्र राहतोय. सोसायटीत आम्ही ‘मित्र’. ऑफिसात माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. शनिवारी रात्री मात्र मी काहीच ठरवत नाही. काळ्या लेसची ब्रा-पँटी घालतो, वरून त्याचा पांढरा शर्ट. तो खुर्चीत बसून म्हणतो, ‘एकेक बटण. घाई नाही.’ त्या आवाजानेच माझे गुडघे टेकतात. मी लाडात ‘नको ना’ म्हणतो, तो हसतो आणि आणखी ताटकळत ठेवतो. ते ताटकळणंच मला सगळ्यात जास्त आवडतं.

गेल्या महिन्यात त्याने ओढणीने माझे हात पलंगाला बांधले. थोड्या वेळाने उजव्या पंजाला मुंग्या आल्या. ‘नको, सोड,’ म्हटलं, तर त्याला वाटलं नेहमीचंच. मी ओरडलो तेव्हा तो घाबरला, पण गाठ सुटेना. सकाळपर्यंत हात ठीक झाला. तो मात्र तेव्हापासून हॉलमध्ये झोपतो. ‘मला माझीच भीती वाटते,’ म्हणतो. मला तो हवाय आणि ते सगळंही हवंय. माझ्यात काही खोट आहे का? आणि हाताला काही झालं असतं, तर डॉक्टरला काय सांगणार होतो?
— च., कांजूरमार्ग

च., खोट कसली? दिवसभर बावीस जणांचं ठरवणाऱ्याला एक रात्र कुणीतरी आपलं ठरवावंसं वाटतं, यात मला नवल वाटत नाही. आणि लेस अंगाला छान लागते, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

चुकलं ते वेगळंच. तुमच्या खेळात ‘नको’चा अर्थ ‘हवं’ असा होतो. मग खरं ‘नको’ त्याला कळावं कसं? त्यासाठी दुसरा शब्द ठरवा. तुम्ही रोज लोकलने जाणारे, ‘दादर’ म्हणा. दादर आलं की उतरायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. ‘जरा हळू’साठी वेगळा शब्द ठेवा. तोंड बांधलेलं असेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरा, तो पडला की सगळं थांबवायचं.

आता ओढणी. मी वीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. रुग्णाचा हात बांधावा लागलाच, तर पट्टीखाली दोन बोटं शिरली पाहिजेत, हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवलेलं. तुमची ओढणी बहुधा शिफॉनची असणार. ताण पडला की तिची गाठ आवळत जाते, मग नखांनीही सुटत नाही. रुंद, मऊ सुती पट्टी घ्या आणि पट्ट्या कापायची बोथट टोकाची कात्री उशाशी ठेवा. मधूनमधून त्याने ‘बोटं हलव’ म्हणायचं. त्याच्या तोंडी तोही हुकूमच वाटेल. मुंग्या आल्या की त्याच क्षणी सोडायचं. बांधलेल्याला एकटं सोडून जायचं नाही आणि गळ्याभोवती काहीही नको.

बधिरपणा राहिलाच तर डॉक्टरला सरळ सांगायचं, ‘हात बांधले होते, इतका वेळ.’ नस दबलीय का, हे त्यावरून कळतं. दोन सज्ञान पुरुषांचं राजीखुशीचं खासगी नातं ६ सप्टेंबर २०१८पासून आपल्याकडे गुन्हा नाही.

मला खरी काळजी त्याची वाटते. अशा रात्रीनंतर तुम्हाला कुशीत घ्यायला तो असतो. हुकूम देणाऱ्यालाही कुणी जवळ घ्यावं लागतं, हे दोघांच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. तुमच्या ओरडण्याचा आवाज अजून त्याच्या कानात असेल. तेव्हा रविवारी सकाळी, रोजच्या कपड्यांत, चहा घेऊन हॉलमध्ये त्याच्याशेजारी बसा. हात दाखवा, बोटं हलवून दाखवा. काय आवडतं, काय चालणार नाही, शब्द कोणता, हे तुम्ही सांगा. त्याला काय झेपतं ते त्याला सांगू द्या. त्याने ‘बांधणं नकोच’ म्हटलं तर तेही मान्य करा. खुर्ची, शर्ट आणि त्याचा आवाज तर आहेच.

आणि हो, ब्रा पाठीला काचत असेल तर दादरच्या मॅचिंगच्या दुकानांत हूक वाढवायची पट्टी मिळते. सेट गार पाण्यात हाताने धुवा, लेस पिळू नका, पंख्याखाली वाळत घाला. शुक्रवारी रात्री धुतलात तर शनिवारपर्यंत वाळेल.