ईस्टर दोनदा का येतो?

प्रश्न असा की ऑर्थोडॉक्स (म्हणजे ग्रीस-रशियाकडच्या पूर्वेच्या चर्चेसच्या) ख्रिस्ती लोकांचा ईस्टर बहुधा कॅथलिकांच्या नंतर का येतो, आणि तारीख एक करण्याचं बोलणं कुठवर आलंय.

इंदूरच्या मराठी माणसाला हे समजणं सोपं आहे. शेजारच्या भाभींचे सावन सोमवार सुरू होतात तेव्हा आपला आषाढच चालू असतो. चंद्र तोच, मोजणी वेगळी.

ईस्टरचा नियम दोघांचा एकच: वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. संपात दोघेही 21 मार्चलाच धरतात. पण 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारलं आणि बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेसनी ईस्टरसाठी ज्युलियस सीझरच्या काळापासूनचं जुनं ज्युलियनच ठेवलं. ते आता 13 दिवस मागे आहे, म्हणजे त्यांचा 21 मार्च आपल्या 3 एप्रिलला उजाडतो. शिवाय ते पौर्णिमा जुन्या कोष्टकावरून काढतात, आणि ती खऱ्या पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी येते. (आपल्या पंचांगवाल्यांनी असं चालवून घेतलं नसतं!) म्हणून तारखा कधी जुळतात, कधी नाही: 2025 मध्ये दोघांचा ईस्टर 20 एप्रिललाच आला, पण 2027 मध्ये 28 मार्च आणि 2 मे, तब्बल पाच आठवड्यांचं अंतर.

ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असं ठरवणाऱ्या निकियाच्या धर्मपरिषदेला 2025 मध्ये 1700 वर्षं झाली, म्हणून चर्चा तापली. सर्वांना मान्य होईल ती तारीख स्वीकारू, असं पोप फ्रान्सिस म्हणाले होते. 1997 मध्ये सीरियातल्या अलेप्पोत झालेल्या चर्चेसच्या बैठकीत जेरुसलेमच्या रेखावृत्तावरून खगोलीय गणित करावं असा प्रस्ताव आला होता. मला तोच सर्वांत न्याय्य वाटतो. अडचण गणिताची नाहीच. जुनं कॅलेंडर सोडणं अनेक ऑर्थोडॉक्स भाविकांना रोमपुढे झुकल्यासारखं वाटतं.