जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी बॉनेट उघडा

प्रश्न : लेस्टरजवळ १९६५ ची जॅग्वार ई-टाइप कूपे (बंद छताची) बघितली. विकणारा म्हणतो, ‘मॅचिंग नंबर्स’ आहे, म्हणजे इंजिनबिंजिन सगळं कारखान्यातलंच. विश्वास ठेवावा का?

नुसत्या त्याच्या शब्दावर नको. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून त्या गाडीचं सर्टिफिकेट मागवा. कारखान्यातून निघतानाचे शासी (गाडीचा सांगाडा), इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर, मूळ रंग, पहिला डीलर, सगळं त्यात असतं. मग तो कागद हातात घेऊन टॉर्च मारा. शासीचा नंबर पुढच्या चौकटीवर उजवीकडे, शॉक अब्सॉर्बरच्या वर ठोकलेला असतो. इंजिनचा नंबर ब्लॉकवर, ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला आणि शिवाय सिलिंडर हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या, पुढच्या टोकाला. १९६५ ची गाडी म्हणजे ४.२ लिटर, तिचा इंजिन नंबर ‘७ई’ने सुरू व्हायला हवा. ‘आर’ने सुरू होत असेल तर इंजिन आधीच्या ३.८ मधून आलंय. नंबराभोवती ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर चहा प्या आणि घरी या. हेच नंबर असलेल्या, रिव्हेट मारलेल्या प्लेटवर मात्र भिस्त नको, ती नवी करून मिळते.

प्रश्न : इंजिन बदललंय, पण रेसचा इतिहास मोठा आहे. मग गाडी ‘तीच’ म्हणायची का?

यावर लंडनच्या हायकोर्टात खटलाच झालाय. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची रेस जिंकली. पुढे तिचे भाग बदलत गेले. १९३२ मध्ये आठ लिटरचं इंजिन बसलं, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स ट्रॅकवर ती बँकिंगवरून (वळणावरच्या तिरक्या चढावरून) खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. नंतर तिच्यावर कूपे बॉडी चढली. अनेक वर्षांनी सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा फिरला : ही ती गाडीच नव्हे! १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी भागन् भाग तपासला. १९३० च्या गाडीतलं उरलं होतं पेडल शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टीअरिंग कॉलम. बस्स. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला, कारण गाडी कधी मोडीत काढून नव्याने उभी केली नव्हती. रूपं बदलली, साखळी तुटली नाही.

तेव्हा इंजिनापेक्षा मधली वर्षं विचारा. कोणाकडून कोणाकडे गेली, पावती कुठाय, कुठल्या साली कुठल्या गॅरेजात होती. बदललेल्या इंजिनाची बिलं असतील तर मी ती गाडी घेईन. फाइलमधली दहा-बारा वर्षं कोरी असतील तर नाही घेणार, इंजिन मूळचं असलं तरी.

प्रश्न : नुकतीच रंगवलेली ई-टाइप घ्यावी का?

ताज्या रंगाची मला धास्तीच आहे. एकदा फसलोय. लाल, ओपन गाडी, रंग आरशासारखा. घेतल्यावर जॅकवर उचलली, तर दार मिटेना. ई-टाइपला वेगळी शासी नसते : मधला भाग पत्र्याचा मोनोकॉक आणि पुढे त्याला बोल्टने जोडलेली नळ्यांची चौकट. दाराखालची पोकळ सिल कुजली की गाडी मधून बसते. पुट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. तेव्हापासून खिशात लोहचुंबक असतं, पुट्टीवर ते चिकटत नाही. पुढच्या नळ्या आतून गंजतात, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही. बोल्टच्या सांध्यांजवळ नीट तपासून घ्या.

प्रश्न : आजोबांची १९४८ ची एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पुण्यात वाड्याच्या पडवीत पडून आहे. रंगवून घेऊ का? मेकॅनिक डिझेल इंजिन बसवू म्हणतो.

मेकॅनिक बदला. टीसीच्या पत्र्याआड अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. पुण्याच्या पावसाळ्यांनी आणि वाळवीने त्याचं काय झालंय ते आधी बघा. रंगाऱ्याआधी चांगला सुतार लागेल. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे नियम आहेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. रोज ऑफिसला मात्र नेता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच. गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे डिझेलचा विषय संपला. आरसी बुक, विम्याच्या पावत्या, पेट्रोलची बिलंसुद्धा जपा. आणि आजोबांचा गाडीशेजारचा, नंबरप्लेट दिसणारा फोटो अल्बममध्ये असेल, तो आजच शोधून ठेवा.