घाण्याचं कर्ज काढण्याआधी

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. झाला, वय 22. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकायचा म्हणतो. प्रकल्प आठ लाखांचा, त्यात दोन लाख सरकार देणार असं त्याचं म्हणणं आहे. शेत तारण द्यावं का? की नोकरीच बघ म्हणावं? – एक वडील

सप्रेम नमस्कार.

शेत तारण देऊ नका. सूक्ष्म उद्योगाच्या एवढ्या लहान कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. शाखेत तसं मागितलं तर जिल्हा उद्योग केंद्रात लेखी कळवा.

चिरंजीव बहुधा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाबद्दल बोलत असावेत. खुल्या प्रवर्गाला ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात. म्हणजे तुमचे 80 हजार, बँकेचे 7 लाख 20 हजार. दोन लाख मात्र हातात पडत नाहीत. ती रक्कम बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते आणि धंदा चालू दिसला तरच कर्जात वळती होते. पोरं इथेच फसतात, अनुदानाच्या भरवशावर माल उधार उचलतात.

आता एका लिटरचा हिशेब बघू. लिटरभर तेलाला साधारण 2.4 किलो दाणे लागतात. दाणे 120 रुपये किलो धरले तर 288 रुपये. पेंड 1.4 किलो निघते, ती 35 च्या भावाने विकली की 49 सुटतात. बाटली-लेबल 15, वीज-मजुरी 25. खर्च 279 झाला. विक्री 340 ला धरली तर हातात 61 रुपये. अनुदान वजा जाता 5 लाख 20 हजारांचा हप्ता, 11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी, 11,300 च्या आसपास बसतो. जागेचं भाडं पाच हजार. एवढंच भागवायला महिन्याला 267 लिटर तेल खपायला हवं आणि यात मुलाचा पगार धरलेलाच नाही. चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर लागतं म्हटलं तर 76 घरं झाली, तीही दर महिन्याला तुमचंच तेल नेणारी. भाव तुमच्याकडचे घालून हा हिशेब त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्या.

म्हणून अर्ज नंतर. आधी 50 किलो दाणे घेऊन जवळच्या चालू घाण्यावर मजुरी देऊन तेल काढून घ्यावं. वीस लिटर निघेल. ते नातेवाइकांना नको, अनोळखी घरांत विकावं. पहिली बाटली कौतुकाने खपते, दुसरी कोण मागतंय ते महिनाभराने कळेल. तीन-चार महिने हे जमलं तर घाणा टाकायला माझी हरकत नाही. नोकरीचे अर्जही त्या काळात भरू देत, त्यात कमीपणा नाही.

याच काळात मालही ओळखता येऊ लागेल. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मऊ लागला तर ओल आहे, तेल कमी उतरणार. बुरशीचे काळपट दाणे निवडूनच काढायचे, त्यांतलं विष पेंडीतून जनावराच्या पोटात जातं. ताजं तेल गढूळ असतं, तीन-चार दिवस टाकीत निवळू द्यावं लागतं. घाईने भरलं की बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, तेल लवकर खवट होतं आणि गिऱ्हाईक भेसळ म्हणत परत आणतं. सुटं तेल डब्यातून मोजून देण्याची पद्धत गावात असली तरी कायद्याने तशी विक्री बंद आहे. अन्नसुरक्षेचा नंबर, पॅकिंगची तारीख आणि एमआरपी छापलेली सीलबंद बाटलीच हवी.

प्रकल्प अहवालात बहुतेकजण सगळा पैसा मशिनरीत दाखवतात आणि दाणे घ्यायला खिसा रिकामा. वरच्या खपाला महिन्याला 640 किलो दाणे लागतील, म्हणजे 77 हजारांचे. किमान दोन महिन्यांचं खेळतं भांडवल अहवालात वेगळं मांडा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर घाणा चालवता येत नाही, उद्योगाचं थ्री-फेज घ्यावं लागतं. त्याचा खर्चही धरा.

आणि मशीन फोटो बघून घेऊ नका. आपले दहा किलो दाणे घेऊन कारखान्यात जायचं, समोर तेल काढून घ्यायचं. चार लिटरच्या आत निघालं तर दुसरा कारखाना बघायचा.